गट कुठला, खातं कुठलं : इंडेक्सच्या खर्चाचा अंदाज आणि त्याचा इतिहास

 

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल की, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेऊन सत्तरी ओलांडलेल्या माणसानं डेटाबेसच्या पोटात कशाला शिरावं. त्याचं कारण असं : एखादी गोष्ट शोधायच्या आधीच, ती शोधायला किती खर्च येईल हे कसं सांगायचं, हा प्रश्न आमच्या शास्त्रात फार जुना आहे. संगणकवाल्यांनी तो १९७०च्या दशकात आपल्या पद्धतीनं उचलला आणि त्याचं उत्तर चक्क आकड्यांत दिलं. ते उत्तर कसं घडलं, त्यात काय गृहीत धरलं गेलं आणि ते कुठे फसतं, एवढंच आज पाहायचं आहे.

आपण हिंगोलीत आहोत, तेव्हा सुरुवात इथल्या दप्तरापासून करू. सातबारा सगळ्यांना माहीत आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे, बारामध्ये पीक काय. सातबाऱ्याची वही लावलेली असते ती गट क्रमांकानं, आणि जिथे एकत्रीकरण झालं नाही तिथे सर्व्हे क्रमांकानं. म्हणजे वहीचा क्रम हा जमिनीचा क्रम आहे, माणसांचा नाही. आता औंढ्याकडचा एखादा शेतकरी येऊन म्हणाला, 'माझ्या नावावर कुठे कुठे काय आहे ते सांगा', तर तलाठ्यानं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अख्खी वही चाळायची का? नाही. त्यासाठी दुसरा नमुना आहे, आठ अ. तो खातेदाराच्या नावानं लावलेला असतो. एका खात्यापुढे त्याचे सगळे गट, क्षेत्र आणि आकार. आठ अ वरून गट क्रमांक घ्यायचे आणि मग सातबाऱ्याच्या वहीत त्या त्या पानावर जायचं.

डेटाबेसच्या भाषेत सातबाऱ्याची वही म्हणजे मूळ तक्ता आणि आठ अ म्हणजे इंडेक्स. हे साम्य आम्ही ओढूनताणून आणलेलं नाही. इंडेक्सचं काम नेमकं हेच आहे : एका क्रमानं लावलेल्या गोष्टी दुसऱ्या क्रमानं सापडाव्यात.

आता याच तलाठ्याला वरून विचारणा आली की, गावात सोयाबीनखाली एकूण किती क्षेत्र आहे? इथे तो आठ अ उघडणार नाही. एकेक खातं, त्याचा एकेक गट, वही पुढे, वही मागे, असं करत बसला तर संध्याकाळ व्हायची. तो सरळ सातबाऱ्याची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचेल. एका शेतकऱ्यासाठी इंडेक्स, सबंध गावासाठी वही. हे दोन टोकांचे प्रसंग झाले आणि दोन्हींत शहाणपण लागत नाही. पंचवीस शेतकऱ्यांबद्दल विचारलं तर? शंभरांबद्दल? कुठल्या आकड्याला आठ अ मिटून वही उघडायची? क्वेरी प्लॅनर नावाचा जो भाग डेटाबेसमध्ये असतो, त्याचं पोट या एका प्रश्नावर आहे.

एके काळी हा प्रश्न यंत्राला पडतच नव्हता. १९७३ साली चार्ल्स बॅकमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या त्यांच्या व्याख्यानात प्रोग्रामर हा नावाड्यासारखा दिशा धरून चालणारा माणूस होता. माहितीच्या एका नोंदीवरून दुसरीवर कसं जायचं, हे त्यानं स्वतः ठरवायचं. वाट माणसाची, पाय यंत्राचे. त्याआधीच, १९७०मध्ये, आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की, माणसानं फक्त काय हवं ते सांगावं. ते कसं आणायचं हे त्यानं सांगू नये. ऐकायला फारच छान. पण मग कसं आणायचं हे कोणीतरी ठरवायला हवंच ना? कॉड यांच्या मांडणीवर घेतला गेलेला मोठा व्यावहारिक आक्षेप हाच होता की, यंत्र वाट निवडण्यात माणसाची बरोबरी करू शकणार नाही.

त्या आक्षेपाला उत्तर सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत, सिस्टीम आर या प्रकल्पात मिळालं. १९७९ साली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध वाचला. तो फार लांब नाही, पण आज वापरात असलेला बहुतेक प्रत्येक डेटाबेस त्याचं देणं लागतो. कल्पना अशी : प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च आधी काढा आणि सर्वांत स्वस्त वाट धरा. खर्च म्हणजे डिस्कवरून किती पानं उचलावी लागतील, अधिक किती नोंदी हाताळाव्या लागतील त्याला एका वजनानं गुणून आलेला आकडा. यात 'पान' हा शब्द आम्ही उगाच वापरत नाही. डिस्कवरची माहिती खरोखर पानांत विभागलेली असते. एक नोंद हवी असली तरी अख्खं पान उचलावं लागतं. वहीतली एक ओळ पाहायला पान उलटावंच लागतं, तसं.

सेलिंजर यांच्या निबंधात आम्हाला सर्वांत जास्त काय आवडतं, तर त्यातली अंदाजांची यादी. समजा अट अशी आहे की, 'गाव अमुक असावं'. किती नोंदी या अटीत बसतील? त्या स्तंभावर इंडेक्स असेल आणि त्यात वेगवेगळी मूल्यं किती हे माहीत असेल, तर एक भागिले तितकी. सातशे गावं तर एक सातशेअंश. काहीच माहीत नसेल तर एक दशांश. 'यापेक्षा मोठं' अशी अट असेल आणि काहीच आधार नसेल तर एक तृतीयांश. या एक तृतीयांशाला विशेष अर्थ नाही, तो फक्त अर्ध्यापेक्षा कमी आणि दशांशापेक्षा जास्त असावा म्हणून घेतला आहे, असं लेखकांनी स्वतःच मोकळेपणानं लिहिलं आहे. इतका प्रामाणिक आकडा आम्ही तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचित पाहिला.

'सगळ्या गावांना सारखा वाटा' हे गृहीतक कुठून आलं? जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२१ सालच्या संभाव्यतेवरच्या ग्रंथात त्याला नाव दिलं, तटस्थतेचं तत्त्व असं म्हणू. दोन गोष्टींत फरक करायला कारण नसेल तर दोघींना सारखंच वजन द्यायचं. केन्स यांनी नाव दिलं आणि त्याच ग्रंथात या तत्त्वावर कडक टीकाही केली. अज्ञानातून ज्ञान निघत नाही, हा टीकेचा गाभा. सेलिंजर यांना ते कळत नव्हतं असं नाही. पण समोर माणूस उत्तराची वाट पाहत बसला आहे, आणि वाट निवडायला यंत्राकडे सेकंदाचाही अवकाश नाही. अशा वेळी तत्त्वज्ञ थांबतो, अभियंता एक तृतीयांश लिहितो.

आता मुख्य गोष्ट. अंदाजानं किती नोंदी हव्यात ते कळलं, पण त्या नोंदी किती पानांवर आहेत? खर्च नोंदींवर ठरत नाही, पानांवर ठरतो. एका शेतकऱ्याचे पाच गट शेजारीशेजारी असतील तर वहीची एक-दोन पानं पुरतात. पाच दिशांना पाच तुकडे असतील तर पाच पानं. तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा १९४७चा. शेतकऱ्याची नांगरट सोपी व्हावी म्हणून तो आला. त्यातून तलाठ्याची पानं उलटणंही कमी व्हावं, हा त्याचा न सांगितलेला फायदा. सेलिंजर यांनी या दोन प्रकारांसाठी दोन वेगळी सूत्रं दिली होती. इंडेक्सचा क्रम आणि तक्त्याचा क्रम एकच असेल तर पानं मोजा. नसेल तर प्रत्येक नोंदीसाठी एक पान धरा.

पण प्रत्येक नोंदीला एक पान हेही अतिच झालं. विखुरलेल्या शंभर नोंदी काढल्या तर काही नोंदी योगायोगानं एकाच पानावर येतीलच. त्या किती? १९७५मध्ये अल्फोन्सो कार्डेनस यांनी आणि १९७७मध्ये एस. बी. याओ यांनी त्याचं गणित केलं. मग आणखी एक अडचण : एकदा उचललेलं पान स्मृतीत राहतं, पुन्हा लागलं तर डिस्ककडे जायला नको. पण स्मृती छोटी असेल तर ते पान तोवर बाहेर फेकलेलं असतं. लोथर मॅकर्ट आणि गाय लोहमन यांनी १९८९मध्ये हे सगळं एकत्र करून एक सूत्र दिलं आणि प्रत्यक्ष यंत्रावर ताडून पाहिलं. पोस्टग्रेसक्यूएल हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस आजही इंडेक्सचा खर्च काढताना तेच सूत्र वापरतो.

सूत्र लिहून दाखवत नाही, पण हिशेब करू. एक तक्ता घ्या. १,००० पानं, प्रत्येक पानावर ५० नोंदी, म्हणजे ५०,००० नोंदी. स्मृती पुरेशी आहे असं धरा. नोंदी विखुरलेल्या असतील तर १०० नोंदींसाठी सुमारे ९५ पानं लागतात. ५०० नोंदींसाठी ४००. १,००० नोंदींसाठी ६६७. आणि २,००० नोंदी, म्हणजे एकूण नोंदींच्या फक्त चार टक्के काढायच्या म्हटलं, की सूत्राच्या हिशेबानं हजारच्या हजार पानं उलटून होतात! चार टक्क्यांसाठी सगळी वही. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम थांबतो आहोत. 

त्यात आणखी एक भर आहे. वही ओळीनं वाचणं आणि मधलंच पान शोधून उघडणं यांचा खर्च सारखा नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर वाचणारा दांडा योग्य जागी सरकवावा लागे, मग तबकडी फिरून हवं ते पान त्याच्याखाली येईपर्यंत थांबावं लागे. ओळीनं वाचताना हे थांबणं नसतं. पोस्टग्रेसमध्ये ओळीनं वाचलेल्या पानाला १ आणि मध्येच उघडलेल्या पानाला ४ असा भाव ठरलेला आहे. या भावानं वरचा हिशेब केला आणि नोंदी हाताळण्याचा किरकोळ खर्च मिळवला, तर सबंध तक्ता ओळीनं वाचायला साधारण १,६२५ पडतात. विखुरलेल्या ५०० नोंदी इंडेक्सनं आणायला ४०० पानं गुणिले ४, म्हणजे १,६००. म्हणजे ५०,००० पैकी जेमतेम ५०० नोंदी, एक टक्का, इथेच इंडेक्स आणि वही बरोबरीत येतात. त्यापुढे इंडेक्स महाग.

आणि त्याच ५०० नोंदी एकमेकींना चिकटून असतील तर? दहा पानं. पहिल्याला ४, पुढच्या नऊंना १, एकूण १३. कुठे १,६०० आणि कुठे १३. इंडेक्स तोच, नोंदी तेवढ्याच, फक्त मांडणी वेगळी. म्हणून पोस्टग्रेस प्रत्येक स्तंभाबाबत एक आकडा जपून ठेवतं : त्याचा क्रम आणि डिस्कवरचा क्रम यांचं किती जुळतं. तो आकडा १ असेल तर खर्च १३च्या बाजूला, ० असेल तर १,६००च्या बाजूला, मधला असेल तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मधे कुठेतरी.

या ४ आकड्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे. फिरत्या डिस्कवर मध्येच पान उघडणं खरं तर चौपटीपेक्षा कितीतरी महाग असतं. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेत पूर्वी दिलेलं स्पष्टीकरण असं की, ते चाळीसपट महाग आहे पण दहापैकी नऊ वेळा पान आधीच स्मृतीत सापडतं असं धरलं, तर चार हा भाव बसतो.  पुढे फिरत्या तबकड्या गेल्या, एसएसडी आल्या. त्यांत दांडाही नाही आणि फिरणंही नाही. जाणकार मंडळी तिथे हा भाव १.१पर्यंत खाली आणतात. पण ज्यानं हात लावला नाही त्याच्याकडे चारच. नव्या यंत्रात जुन्या तबकडीचा भाव. मोठी गंमत आम्हाला वेगळीच वाटते : आपल्या स्मृतीत आत्ता कुठली पानं आहेत हे प्लॅनर पाहत नाही. पाहायला गेला तर त्याचाही खर्च आलाच. तो फक्त अमुक इतकी स्मृती उपलब्ध असावी असं मानतो आणि पुढे जातो.

दोन टोकांच्या मधली वाटही निघाली. तलाठी शहाणा असेल तर पंचवीस शेतकऱ्यांसाठी काय करील? आठ अ वरून सगळे गट क्रमांक एका चिठ्ठीवर उतरवील, चढत्या क्रमानं लावील आणि मग सातबाऱ्याची वही एकदाच, पुढून मागे, फक्त लागतील ती पानं उघडत जाईल. पोस्टग्रेसमध्ये हे २००५ साली ८.१ या आवृत्तीत आलं. त्याला बिटमॅप स्कॅन म्हणतात. ती चिठ्ठी म्हणजे बिटमॅप.

इथवर पानांचा हिशेब झाला. पण सगळा डोलारा उभा आहे तो 'किती नोंदी निघतील' या अंदाजावर, आणि खरी ठेच तिथेच लागते. हा अंदाज काढायला यंत्र शितावरून भाताची परीक्षा करतं. तक्ता कितीही मोठा असो, पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत ३०,००० नोंदींचा नमुना उचलतं. त्यातून सर्वांत जास्त आढळणारी मूल्यं टिपून ठेवतं आणि उरलेल्यांचे सारख्या वजनाचे वाटे पाडतं. आपल्याकडच्या पैसेवारीशी हे मिळतंजुळतं आहे. गावातल्या काही निवडक शेतांत पीक कापणीचे प्रयोग करायचे आणि त्यावरून सबंध गावाचं पीक किती पैसे आलं ते ठरवायचं. पन्नासच्या आत आली तर दुष्काळाची स्थिती, वर गेली तर नाही. निवडलेली शेतं ओढ्याकाठची असली तर कोरडवाहू माणसाच्या कपाळी काय येतं, हे या सभागृहात आम्ही सांगायची गरज नाही.

नमुना चांगला असूनही अंदाज चुकतो, त्याचं कारण वेगळं आहे. समजा एका क्वेरीत दोन अटी आहेत : गाव नर्सी असावं आणि तालुका हिंगोली असावा. जिल्ह्यात सातशे गावं धरू, तालुके पाच. यंत्र दोन्ही अटी स्वतंत्र आहेत असं मानून गुणाकार करतं, एक सातशेअंश गुणिले एक पंचमांश, म्हणजे एक साडेतीन हजारांश. पण नामदेवांचं नर्सी हिंगोली तालुक्यातच आहे! गाव सांगितलं की तालुका आलाच. दुसऱ्या अटीनं एकही नोंद कमी होत नाही. अंदाज सरळ पाचपट कमी निघाला. कमी नोंदी वाटल्या म्हणून यंत्र इंडेक्सची वाट धरतं, आणि प्रत्यक्षात पाचपट पानं मध्येच उघडत बसतं. आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत, धूर आणि अग्नी यांची व्याप्ती न तपासता दोघांना परके मानलं.

तीन-चार तक्ते जोडायचे असतील तर ही चूक पायरीपायरीनं वाढते. यानिस इओअनिडिस आणि स्तावरोस क्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१मध्ये दाखवून दिलं की जोडण्या वाढतील तशी चूक घातांकानं वाढू शकते. २०१५मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी अनेक डेटाबेसांची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा की, पानांचा भाव चार धरला की दोन, यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते नोंदींच्या अंदाजानं. गाव आणि तालुका यांचं नातं यंत्राला सांगून ठेवायची सोय पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली, दहाव्या आवृत्तीत आली. पण ते सांगायला माणूसच लागतो. यंत्र आपणहून विचारत नाही.

आता शेवटचा भाग. त्यासाठी पुन्हा मराठवाड्यात येऊ. आत्तापर्यंत आपण असं धरलं की इंडेक्स आहे आणि तो वापरायचा की नाही एवढंच ठरवायचं आहे. इंडेक्सच नसेल तर?

२०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या जुन्या कागदपत्रांत कुणबी अशा नोंदी शोधायच्या होत्या. त्या मागणीच्या राजकारणात आम्ही इथे जात नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून फक्त दप्तराकडे पाहतो. हा भाग १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कागद मोडीत, उर्दूत, फारसीत. महसुलाचे कागद गावानं आणि सर्व्हे क्रमांकानं लावलेले, जन्ममृत्यूची पुस्तकं तारखेनं. १९५४-५५चं खासरा पत्रकही जमिनीच्या क्रमानं. निजामाच्या अधिकाऱ्याला या जमिनीचा सारा कोण भरणार, एवढं चटकन सापडायला हवं होतं, आणि दप्तर त्या प्रश्नासाठी लावलं होतं. सत्तर-ऐंशी वर्षांनी कोणी वेगळाच प्रश्न घेऊन येईल, हे त्याच्या हिशेबात कसं असणार? जातीच्या रकान्यावर इंडेक्स नव्हता.

तेव्हा तहसील कार्यालयांत, अभिलेखकक्षांत, एकच वाट उरली : पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्या ऑक्टोबरअखेर सरकारनं सांगितलेला आकडा असा होता की, सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या आणि त्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास कुणबी नोंदी मिळाल्या. दर पंधराशेला एक. मघाशी आपण पाहिलं की शंभरात एकपर्यंत विखुरलेल्या नोंदींनाही इंडेक्स परवडतो. इथे पंधराशेत एक होती. कुठल्याही प्लॅनरनं डोळे मिटून इंडेक्स निवडला असता. निवडायला तो नव्हता.

तो तयार करायचा म्हटलं तरी एकदा सगळं वाचावंच लागतं. आता कागद स्कॅन होऊन ठेवले जात आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण मोडीतल्या पानाचं छायाचित्र म्हणजे इंडेक्स नव्हे. त्यातलं नाव, गाव, वर्ष, रकाना हे वाचून कोणी वेगळं उतरवत नाही तोवर यंत्राच्या दृष्टीनं ते एक चित्र आहे, आणि पुढच्या प्रश्नालाही अख्खं दप्तर चाळणं आलं. उतरवणारी माणसं थोडी, त्यांतही मोडी आणि उर्दू दोन्ही वाचणारी त्याहून थोडी. आता उतरवतोच आहोत तर कुठले रकाने उतरवायचे? फक्त जातीचा, कारण आज तोच विचारला जातो आहे? की विहीर, पीक, कूळ, स्त्री खातेदार हेही? प्रत्येक रकान्याला वेळ आहे आणि पैसा आहे, आणि जो रकाना सोडला त्याचा प्रश्न पुढची पन्नास वर्षं महागच राहणार. हा अंदाज मात्र मॅकर्ट-लोहमन यांच्या सूत्रानं निघत नाही.

वेळ झाली. समोरून दोन-तीन हात वर दिसताहेत, आणि पडद्यावरच्या श्रोत्यांचेही प्रश्न आले आहेत. आधी सभागृहातले घेऊ.